बालाघाटचा चेक पेंटर

महागू पेंटरचं आणि बालाघाट गावाचं कधी पटलं नाही. गाव म्हणायचं, हा माणूस उद्धट आहे. महागू म्हणायचा, या गावाला निसर्गाने डोळे दिले ते फक्त शेजाऱ्याच्या ताटात बघायला. (देवाचं नाव तो घेत नसे, म्हणून बिचाऱ्या निसर्गावर जबाबदारी यायची.) दोघांचंही म्हणणं खरं असल्यामुळे भांडण मिटायला काही वावच नव्हता. ते वीसेक वर्षं रंगलं.

महागू मेश्राम मूळचा जवळच्या लामता गावचा. हातात उपजत कला. लग्नसराईत दाराच्या दोन्ही बाजूंना भिंती रंगवाव्यात तर त्यानेच. एकीकडे गणपती, दुसरीकडे कलश, वर पोपटांची रांग. त्याचे पोपट बघून मांजरं भिंतीखाली दबा धरून बसत. पण हे सगळं दाराच्या बाहेर. मालगुजार जमीनदारांच्या, सावकारांच्या घरांत महागूला उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची मुभा नव्हती. त्याने काढलेला गणपतीही बाहेरच उभा राहायचा, पावसात भिजायचा आणि पुढच्या लग्नाला पुसला जायचा.

मग छप्पन साल आलं. ऑक्टोबरात महागू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि नोव्हेंबरात सरकारने नागपूरच आमच्या प्रांतातून काढून तिकडे मुंबईला जोडून दिलं. गावातले काही लोक या दोन घटनांचा संबंध लावायचे. महागूने तिकडे जाऊन काहीतरी केलं असणार, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दीक्षेनंतर महागूने गणपती काढणं बंद केलं. लग्नघरचे लोक आले की आधी विनवायचे, मग चिडायचे.

"गणपती नाही तर नाही, हत्ती तर काढशील?"

"हत्ती काढतो. पण त्याच्यावर कोणी बसणार नाही, अन् त्याले लाडू भेटणार नाही."

अशा उत्तरांनी गिऱ्हाईक वाढत नाही. लग्नाची सगळी कामं बाबूलाल पेंटरकडे गेली. हा बाबूलाल टॉकीजची पोस्टरं रंगवायचा, त्यामुळे त्याचा गणपतीही पडद्यावरच्या नायकासारखा भुवई उडवून बघायचा. महागूकडे उरल्या दुकानांच्या पाट्या. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यामुळे 'तांदूळ' पुसून 'चावल' लिहून घेणारे व्यापारी होते, तेवढ्यावर घर चालायचं. पण पाटी म्हणजे पुन्हा बाहेरच. महागूच्या मनात एकच गोष्ट सलत होती. आपण काढलेलं एक तरी चित्र कोणाच्या तरी घरात, छपराखाली, भिंतीवर टांगलं जावं. आपण नाही गेलो तरी चालेल, चित्र आत गेलं पाहिजे. हे तो बायकोला, मैनाबाईला सांगायचा. मैनाबाई म्हणायची, आपल्या घरात टांगा की. त्यावर तो म्हणायचा, आपलं घर म्हणजे काही आत नाही.

बासष्टच्या सुमाराला त्याचा साळा भोजराज तिरोडीहून आला. भोजराज तिथे मँगनीजच्या खाणीत मिस्त्रीच्या हाताखाली होता. खाणीवर परदेशातून दगड फोडायचं यंत्र आलं होतं, आणि त्याच्या खोक्यात निघालेलं एक जुनं कॅलेंडर इंजिनियरसाहेबाने भोजराजला देऊन टाकलं होतं. दर महिन्याला एक मोठं रंगीत चित्र आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. बाराही चित्रं एकाच माणसाने काढलेली.

चित्रं बघून भोजराजला वाटलं होतं की प्रवासात पाणी लागून ती बिघडली असावीत. बाईचा चेहरा, पण त्याचे तुकडे झालेले. एक डोळा समोरून, एक बाजूने. टेबलावरची बाटली चौकोना-चौकोनांत फुटून पुन्हा सांधलेली.

"कोणं काढलं हे?" महागूने विचारलं.

"साहेब म्हणे, चेक पेंटर हाये."

महागूने मांडी थोपटली.

इथे पेंटर लोकांची एक रीत सांगायला हवी. लहान फोटोवरून मोठं चित्र करायचं तर पेंटर आधी फोटोवर पेन्सिलीने चौकडी आखतो. तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखतो. मग एकेक चौकोन बघायचा आणि तसाच्या तसा मोठा करून उतरवायचा. शेवटी रंगाखाली चौकडी झाकून टाकायची, की कुणाला पत्ता लागत नाही. आणि चौकडीच्या कापडाला आमच्याकडे चेक म्हणतात. चेकचा सदरा, चेकचं लुगडं.

तेव्हा महागूला उलगडा झाला तो असा: हा कुठलासा मोठा कारागीर आहे आणि तो चौकडी पुसत नाही. म्हणून त्याला चेक पेंटर म्हणतात.

"साऱ्या जगाले लपवावं लागते," तो भोजराजला म्हणाला, "अन् ह्या माणसानं उघडं ठेवलं. आपण चोरासारखी चौकडी पुसत बसतो."

कॅलेंडर घेऊन तो मोतीलाल मास्तरांकडे गेला. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणजे पोरांना इंग्रजीची भीती घालायचे. त्यांनी ओळींचा अर्थ लावून दिला. चित्रकाराच्या नावापाशी मात्र ते अडले. त्याच्या अक्षरांवर उलट्या टोप्या घातलेल्या होत्या. मास्तरांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शिंक आल्यासारखं झालं, तेव्हा नाव सोडून देण्यात आलं. बाकी आयुष्य समजलं. जानेवारीत हा माणूस एका खेड्यात पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी जन्मला. फेब्रुवारीत घरं रंगवणाऱ्याकडे उमेदवारी. मार्चात मोठ्या शहरात गेला, उपाशी राहिला. एप्रिलात त्याच्या पहिल्या प्रदर्शनाला लोक हसले. मे महिन्यात एका सभ्य गृहस्थाने त्याच्या चित्रात छत्री खुपसली. जूनमध्ये वर्तमानपत्राने लिहिलं की याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. पुढे लढाई, मग त्याच्या चित्रांवर बंदी, मग ताटल्यांवर फुलं रंगवून पोट भरणं. डिसेंबरात म्हातारपणी त्याची चित्रं एका मोठ्या वाड्यात लागली आणि जे हसले होते त्यांची पोरं तिकीट काढून बघायला आली.

मास्तरांनी हेही सांगितलं की चेक हे तिकडच्या लोकांचं नाव आहे, चौकडीशी त्याचा संबंध नाही. महागूने ऐकून घेतलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "साऱ्या लोकांचंच नाव चौकडी असन, तर शायना मुलूख हाये तो."

त्या दिवसापासून तो चौकडी पुसेनासा झाला. शिंप्याच्या पाटीवर त्याने सदरा काढला तो समोरून आणि मागून एकदमच, त्यामुळे बाह्या तीन झाल्या. शिंपी कात्री घेऊन धावला. पण गिऱ्हाइकांना वाटलं, बाकीचे शिंपी कापड चोरतात, हा तर पदरचं घालतो. त्याचा धंदा वाढला आणि त्याने कात्री आत ठेवली. सगळ्यांचं असं भलं झालं नाही. मिठाईवाल्याच्या पाटीवरची चौकोनी जिलबी बघून गावाने त्याला इतकं छळलं की त्याने पाटी उलटी करून तिच्यावर भजी ठेवायला सुरुवात केली. महागूच्या मोहल्ल्यातल्या पंचांनीही बजावलं, बाकी गावाचं काय वाटेल ते कर, विहाराच्या भिंतीवर सरळ अक्षरं लिही. ती त्याने लिहिली.

रस्त्यातून जाताना पोरंसोरं ओरडत, "ए चेक पेंटर, माझ्या म्हशीला पाचवा पाय काढून दे." महागू शांतपणे म्हणायचा, "हा एप्रिल चालू हाये." एकदा बाजारात कुणी त्याच्या रंगाचा डबा लाथाडला तर घरी येऊन मैनाबाईला म्हणाला, मे लागला. मैनाबाई म्हणाली, तुमच्या त्या माणसाला छत्री तरी लागली, तुम्हाला लाथ. त्याचा मे तुमच्यापेक्षा बरा गेला.

सदुसष्टमध्ये दुलीचंद मालगुजार वारले. मालगुजारी केव्हाच गेली होती, पण मालगुजार हा शब्द माणसाच्या अंगातून सरकारी हुकमाने निघत नाही. मुलगा घनश्याम भाताची गिरणी चालवायचा. बापाच्या वर्षश्राद्धाला त्याला बैठकीत लावायला मोठं चित्र हवं होतं. बाबूलाल गोंदियाला टॉकीजच्या कामावर गेलेला, म्हणून निरुपायाने महागूला बोलावणं गेलं. घनश्यामने त्याला अंगणात उभं करून सांगितलं की चौकडीबिकडी चालणार नाही, मिशी हुबेहूब पाहिजे, आणि काम गोठ्यात बसून करायचं.

महागूने एरवी गोठ्याचं नाव ऐकून चार शब्द सुनावले असते. पण त्याने एकच विचारलं, चित्र बैठकीत लागणार ना? घनश्याम म्हणाला, मग काय गोठ्यात लावू? महागू मुकाट्याने कापड ताणायला बसला.

दुलीचंदांचे फोटो दोनच. एकात ते कुठल्याशा दरबारात साहेबासमोर बसलेले, हात जोडून, चेहऱ्यावर लोण्यासारखं हसू. पण त्याचा उजवा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. दुसरा खळ्यावरचा, बाजूने काढलेला. त्यात मळणीच्या मजुरांवर त्यांनी काठी उगारलेली, तोंड उघडं, मानेची शीर तट्ट फुगलेली. दुसऱ्या कुणी पेंटरने दोन्हींवरून अंदाज घेऊन एक बरा चेहरा जुळवला असता. महागूने दोन्ही फोटोंवर चौकडी आखली. डावे चौकोन दरबारातून घेतले, उजवे खळ्यावरून. एकीकडे जोडलेला हात आणि हसू, दुसरीकडे काठी आणि शीर. मधल्या रेषा त्याने झाकल्या नाहीत. त्याला त्या झाकवेनात. मिशी मात्र हुबेहूब होती, दोन्ही बाजूंनी.

वर्षश्राद्धाला अंगणात मांडव. तहसीलदार, व्यापारी, गावोगावचे पाटील पुढे, गिरणीचे आणि शेतावरचे मजूर मागे. महागूने झाकून आणलेल्या चित्रावरचं लाल कापड तहसीलदारसाहेबांनी ओढलं.

पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. मग ज्याने जो चेहरा आयुष्यभर पाहिला होता तो त्याला आधी दिसला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या पाटलाने नकळत नमस्कार केला. मागच्या रांगेतला एक मजूर नकळत दोन पावलं मागे सरकला.

गोंदियाहून त्याच सकाळी परतलेला बाबूलाल खांबाला टेकून उभा होता. तो सावकाश म्हणाला, "भैया, हमने तो सुना था, पिताजी एक ही थे।"

मांडवात हशा पिकला. तो घनश्यामच्या कानात उकळत्या तेलासारखा शिरला. घनश्याम मजुरांमागे उभ्या महागूवर ओरडला.

"ए महाग्या, कोण हाये हा?"

"महागू म्हणा, मालक. तुमचे वडील हाये."

"हा माहा बाप नाही." घनश्याम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आयकलं का साऱ्यायनं? हा माहा बाप नाही. न्या रे, भट्टीत टाका."

भात उकडायची भट्टी मागेच पेटलेली होती. दोन गड्यांनी चित्र उचललं. महागू आडवा आला आणि त्याने चौकटीची एक बाजू धरली. गडी ओढत होते, तो सोडत नव्हता, आणि पाहुणे पत्रावळी सोडून तमाशा बघत होते. कुणी म्हणालं, टाका त्यालाही भट्टीत. कुणी म्हणालं, आधी चित्र टाका, मग त्याचे चौकोन मोजून घेऊ. महागूच्या बाजूने बोलणारा त्या मांडवात एकही माणूस नव्हता. मोतीलाल मास्तर होते, पण त्यांच्या तोंडात नेमका लाडू होता.

तेवढ्यात आतल्या दारातून दुलीचंदांची बायको, रुख्माबाई, बाहेर आली. नवरा असताना ती कधी अंगणात पाहुण्यांसमोर आली नव्हती. भिंतीला धरत ती चित्राजवळ गेली. लोकांना वाटलं, म्हातारी आता हंबरडा फोडणार. तिने डोळ्यांवर आडवा हात धरून आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी.

"हेच व्हते," ती म्हणाली. "इकडून सायबाले दिसत, अन् इकडून मले."

"माय, तू आत जा," घनश्याम म्हणाला.

"जातो. हे घेऊन जातो. माह्या खोलीत लावा."

घनश्यामला भरल्या मांडवात आईशी वाद घालायचा नव्हता. आधीच बापाचं पुरेसं झालं होतं. त्याने गड्यांना खूण केली. गडी चित्र घेऊन आत गेले आणि थोड्याच वेळात आतून रुख्माबाईचा आवाज चढला. चित्राची वरची बाजू कोणती यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. एकाच्या मताप्रमाणे लावलं तर काठी खाली यायची, दुसऱ्याच्या मताप्रमाणे लावलं तर मालगुजार आडवे व्हायचे. घरातली सून अनुसया आली, तिने तिसराच सल्ला दिला. म्हातारी म्हणाली, ज्यानं केलं त्यालाच बोलवा, तुम्हा मूर्खांना सासरा कुठून सुरू होतो तेही ठाऊक नाही.

असा महागू त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेला. कुणी 'या' म्हटलं नाही. घनश्याम तोंड फिरवून उभा राहिला आणि अनुसया तांब्या घेऊन मागोमाग निघाली, तो जिथे पाय ठेवील तिथे पाणी शिंपडत. महागूने ते पाहिलं, आणि चित्रासाठी तोंडात शब्द दाबून धरला. गोठ्यानंतर आयुष्यात दुसऱ्यांदाच दाबला असावा. खोलीत त्याने खिळा ठोकला, चित्र सरळ केलं. सून तिथेही शिंपडू लागली, तेव्हा रुख्माबाई चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "शिंपडाचं असन तर ह्यायच्यावर शिंपड. जलमभर ह्यायचाच इटाळ व्हता घरात."

मग ती चित्रासमोरच्या पाटावर बसली. महागू अजून दारातच होता, तेवढ्यात तिने सुरुवात केली.

"आता मी बोलतो. तुमी आयका."

घरी आल्यावर मैनाबाईने विचारलं, आत कसं आहे?

"अंधार हाये," महागू म्हणाला. "खिडकीच नाही. येका बाजूले भाताची कोठी, येका बाजूले म्हातारी. म्या म्हणलं, माय, दिवा तरी लावजा. त म्हणे, मले अंधारातही दिसतेत."

मैनाबाई म्हणाली, म्हणजे बाहेरच्या पाट्यांवर ऊन तरी पडायचं. महागूला राग आला आणि तो जेवला नाही. पण बोलणं खोटं नव्हतं, म्हणून भांडलाही नाही.

बैठकीत बाबूलालने काढलेलं दुलीचंदांचं चित्र लागलं. त्यात ते गुलाबी गालांचे आणि नुकतेच प्रेमात पडल्यासारखे दिसत होते. घनश्याम त्याला रोज हार घालायचा. आणि आतल्या खोलीत रोज सकाळी म्हातारी खऱ्या दुलीचंदांची खरडपट्टी काढायची. लग्नातल्या पाटल्या कुठे गेल्या इथपासून ते परवाच्या भाजीला मीठ जास्त झालं इथपर्यंत सगळा जाब ती त्या चित्राला विचारी. गल्लीतून जाणारे लोक थांबून ऐकत. माणूस गेल्यावर त्याच्याशी इतकं बोलणारी बायको आमच्या गावात दुसरी नव्हती. घनश्याम दारं लावून घ्यायचा, पण म्हातारीचा आवाज दाराला जुमानत नसे.

याचा सूड त्याने महागूवर काढला. महागूने रंगवलेली गिरणीची पाटी पुसली, व्यापाऱ्यांना सांगून बाकीची कामं तोडली. शेवटी महागू भोजराजच्या ओळखीने तिरोडीला खाणीच्या डंपरांवर नंबर रंगवायला जाऊ लागला. नंबरांचे चौकोन करता येत नाहीत, आणि करून पाहिले तेव्हा दोन डंपर एकाच जागी रिकामे झाले. गावात तो रविवारी यायचा आणि आल्या आल्या कुणाशी तरी भांडायचा. गावालाही त्याच्याशिवाय करमत नसावं. रविवारी नाक्यावर टवाळखोर जरा लवकरच जमत.

त्र्याहत्तर साली रुख्माबाई गेली. तेरावं होताच महागू घनश्यामच्या दारात जाऊन उभा राहिला, उंबऱ्याच्या बाहेर. त्याला धास्ती होती की आता चित्र भट्टीत जाणार.

"मालक, आई गेल्या. ते चित्र मले वापस द्या."

"काहून?"

"तुमी भरल्या मांडवात म्हणलं व्हतं, हा माहा बाप नाही. मंग परक्या माणसाले घरात काहून ठेवता?"

घनश्याम पन्नाशीला आला होता. मिशी पांढरी झाली होती, बापाच्याच वळणाची. तो आत गेला. महागूला वाटलं, आणायला गेला. बराच वेळ आतून काही हलवल्याचा, सरकवल्याचा आवाज आला. मग घनश्याम रिकाम्या हातांनी परत आला.

"नाही देत."

"जाळलं का?"

"नाही."

"मंग द्या ना. तुमाले ते पाहाचं नाही, लावाचं नाही..."

"नाही लावाचं. तोंड भिंतीकडे करून ठेवलं हाये. पण देत नाही." घनश्यामने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "बाप हाये माहा."

एवढं बोलल्यावर त्याला आपल्या पायरीची आठवण झाली. मग त्याने महागूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पुन्हा या दारात दिसलास तर तंगडी तोडीन म्हणाला, आणि दार लावून घेतलं. महागूनेही बंद दाराकडे तोंड करून जे जे देणं होतं ते सगळं दिलं. गल्लीतल्या लोकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

घरी मैनाबाई वाट बघत होती. तिने त्याचे रिकामे हात पाहिले आणि काय झालं विचारलं.

"आतच हाये," महागू म्हणाला, आणि जेवायला बसला.